गाळा एकाचा, पाना दुसऱ्याचा

मोटारसायकलची क्लचप्लेट गेली की माणसाला सक्तीची विश्रांती मिळते. धाराशिव जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका गावात अशी दोन तासांची विश्रांती मला मिळाली होती. बसायला उलटा घातलेला ऑइलचा डबा, डोक्यावर तापलेला पत्रा. मिस्त्रीने पान्यांची पेटी ओढली, सोळा-सतराचा पाना शोधायला सगळी हत्यारे बाहेर काढली आणि पेटीच्या तळाशी अंथरलेला कागद मला दिसला. ग्रीस पिऊन पारदर्शक झालेला, घडीवर फाटलेला. नगरपरिषदेची नोटीस होती. भाडे वाढवले आहे, मागील फरकाची रक्कम अमुक, मुदतीत न भरल्यास गाळा सील करण्यात येईल, वगैरे.

"मिस्त्री, नोटीस आलीय की तुम्हाला!"

"माझं नाव कुठंय त्यात?" तो मान वर न करता म्हणाला.

खरेच नव्हते. नाव ज्याचे होते तो माणूस कधीकाळी लिलावात गाळा घेऊन मोकळा झाला होता. मिस्त्री दरमहा त्याला भाडे देई, आणि तो नगरपरिषदेला देई, किंवा देत नसे. दोन भाड्यांतला फरक किती, हे मिस्त्रीने सांगितले नाही. हात पुसता पुसता एवढेच म्हणाला, "नगरपालिकेनं डायरेक्ट मला दिला ना, तर त्यांच्या डबल द्यायला तयारंय मी."

नगरपरिषदेच्या गाळ्यांचे भाडे हा विषय वर्तमानपत्रात येतो तो बहुधा दोनच तऱ्हांनी. एकतर 'गाळेधारकांवर अन्याय' किंवा 'लाखोंची थकबाकी, पालिका झोपेत'. दोन्ही बातम्या खऱ्या असतात. मात्र पान्यांच्या पेटीत अंथरलेला कागद दोन्हींत बसत नाही. या प्रकरणात त्या कागदाच्या मागे मागे जायचे आहे.

आधी 'गॅरेज' या शब्दाकडे पाहू. आपल्याकडे गॅरेज म्हणजे गाडीचा दवाखाना. इंग्लंडमध्येही दुरुस्तीच्या दुकानाला गॅरेज म्हणतात, पण तिथल्या नगरपालिकेच्या कागदांत गॅरेज म्हणजे गाडीची निजायची खोली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या पालिकांनी भाड्याच्या घरांच्या मोठमोठ्या वसाहती बांधल्या आणि लोकांकडे मोटारी येऊ लागल्या तशा वसाहतीच्या कडेला गॅरेजांच्या रांगा उभ्या केल्या. काही ठिकाणी पालिकेने खोलीसुद्धा बांधली नाही. जमीन पालिकेची, वरचे शेड भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने उभारायचे, आणि पालिकेला फक्त जमिनीचे भाडे द्यायचे. या भाड्यांचा फेरविचार अर्थसंकल्पासोबत होतो, नवे दर एप्रिलपासून लागू होतात. पालिकेच्या घरात राहणाऱ्याला गॅरेजच्या भाड्यावर मूल्यवर्धित कर लागत नाही, बाहेरच्याला २० टक्के लागतो. गंमत म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या मापाने बांधलेल्या त्या खोल्यांत आजच्या रुंद गाड्या शिरतच नाहीत. पुष्कळ गॅरेजांत जुने सोफे आणि मोडक्या सायकली पडलेल्या असतात. तरी भाडे दरवर्षी थोडे थोडे वाढते, विषय सभेपुढे येतो, मंजूर होतो. फारशी कुणी दखल घेत नाही. हे कंटाळवाणेपण मला फार मोलाचे वाटते. का, ते पुढे येईलच.

आता आपल्याकडे. धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग आणि मुरूम इथे नगरपरिषदा आहेत, लोहारा आणि वाशी इथे नगरपंचायती. जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा रस्ता नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून 'नऊ नंबर' आहे, सरकारी क्रमांक आता ६५. दुसरा सोलापूर–धुळे, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२, तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून. गॅरेजची वस्ती या रस्त्यांना माशीसारखी चिकटलेली. पंक्चर, वेल्डिंग, कमानपाटे, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग, ट्रॅक्टरचे हायड्रोलिक. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे काम, एरवी मोटारसायकलींचे. तुळजापुरात शारदीय नवरात्रात गाड्यांची रीघ लागते. कोजागरीच्या सुमारास मात्र सोलापूर–तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्या भाविकांसाठी मोटारींना बंद ठेवतात, तेव्हा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला सक्तीची सुट्टी. भाड्याला अर्थातच सुट्टी नसते.

या भागात जागेच्या भाड्याला एक जुना शब्द आहे, तहबाजारी. 'तह' म्हणजे तळ. बाजारात ज्या तळावर तुम्ही बसता त्या तळाचे भाडे. निजामाच्या राज्याने मराठवाड्याला दिलेल्या शेकडो शब्दांपैकी हा एक, आणि कामात अजून पक्का. १९०४ साली जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले, पुढे सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावाने गाव उस्मानाबाद झाले, २०२३ मध्ये पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झाले. दरम्यान हैदराबाद संस्थान गेले, राज्य बदलले, कायदे बदलले, पण बाजारातला माणूस पावतीला तहबाजारीच म्हणत राहिला. रोजच्या टोपलीवाल्याकडून घेतात ती तहबाजारी. खुल्या जागेवर शेड टाकून कायम बसलेल्याकडून घेतात ते भुईभाडे. आणि बांधलेल्या दुकानाचे ते गाळाभाडे. तिन्हींची नोंद वेगळी, तिन्हींचे दर वेगळे. आणि एकाच गॅरेजवाल्याचा या तिन्ही रकान्यांशी संबंध येऊ शकतो. गाळ्यात हत्यारे, गाळ्यापुढच्या मोकळ्या जागेत गाडी, आणि रस्त्याच्या कडेला वाट पाहणारी दुसरी गाडी.

१९६५ सालचा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम हा या सगळ्याचा पाया. तोवर राज्यात चार वेगवेगळे कायदे चालत होते. मुंबई इलाख्याचे १९०१ आणि १९२५ चे, वऱ्हाड-मध्यप्रांताचा १९२२ चा आणि आपल्याकडचा १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा. १९६५ च्या कायद्याने चारही गुंडाळले. त्यातले कलम ९२ नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्तेबद्दल आहे आणि गॅरेजवाल्याचे सारे भवितव्य त्यात आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. त्यासाठी एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. भाडेपट्ट्याला मात्र सवलत आहे. तीन वर्षांपर्यंत ठरावाने जागा भाड्याने देता येते. पुढे वाढवायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी, आणि सगळी मिळून मुदत सात वर्षांच्या वर जाऊ द्यायची नाही.

इंग्लंडच्या १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातही कलम १२३ मध्ये सात वर्षांचीच रेघ आहे. त्याहून जास्त मुदतीने जागा द्यायची तर वाजवीपणे मिळू शकेल तेवढी उत्तम किंमत मिळवलीच पाहिजे, असे ते कलम बजावते. आकडा सारखा असणे हा योगायोग असेल. पण दोन्हीकडच्या कायदेकर्त्यांच्या मनातली भीती एकच होती. नगरसेवक येतात नि जातात, जमीन मात्र कायमची जाऊ शकते.

कलम ९२ मधली आणखी एक ओळ वाचली की गावोगावच्या गॅरेजांचे रूप उलगडते. तीन वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या जागेत भाडेकरूला कायमस्वरूपी बांधकाम करू देऊ नये, असे ती ओळ म्हणते. म्हणून पत्रा. म्हणून लोखंडी अँगल, नटबोल्टने आवळलेले, उद्या उकलता येतील असे. गॅरेजवाले गरीब असतात म्हणून पत्र्यात असतात, हा आपला समज अर्धाच खरा आहे. त्यांना भिंत बांधायचीच नसते असे नाही, कायद्याने ती बांधता येत नाही.

पण धंद्याचे गणित तीन वर्षांत बसत नाही. गॅरेजला नुसता निवारा पुरत नाही. खाली उतरून काम करायचा खड्डा लागतो, जड गाडीखाली न खचणारी काँक्रीटची जमीन लागते, काँप्रेसर आणि वेल्डिंगसाठी थ्री-फेज जोडणी लागते. शिवाय गिऱ्हाईक ठिकाण ओळखते. 'वेशीजवळच्या मिस्त्रीकडे टाक' हे वाक्य गावात रुजायलाच पाच वर्षे जातात. अशा माणसाला दर तीन वर्षांनी 'तुझी मुदत संपली' म्हणणे म्हणजे डॉक्टरला दर तीन वर्षांनी पाटी उतरवायला लावणे. हे त्याला ठाऊक असते, नगरपरिषदेलाही ठाऊक असते. मग दोघेही मुदतीकडे काणाडोळा करतात. करार संपतो, माणूस बसून राहतो, कारकून जुन्याच दराने पावती फाडत राहतो. अशी पंधरा-वीस वर्षे सहज निघतात.

इथे वाचकाला वाटेल, इतकी वर्षे बसलेल्या भाडेकरूला काही हक्क मिळत असेलच की. खाजगी घरमालकाकडे असता तर बहुधा मिळालाही असता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ भाडेकरूला चांगले संरक्षण देतो. घरमालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करायची मुभा, त्यापलीकडे मनमानी नाही. पण त्याच कायद्याचे कलम ३ सांगते की शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे शेठजीच्या दुकानातला भाडेकरू सुरक्षित आणि जनतेच्या मालकीच्या दुकानातला उघडा. यामागचा विचार असा की सार्वजनिक संस्था नफेखोरी करणार नाही, तेव्हा तिच्यापासून संरक्षण कशाला? विचार उदात्त आहे. संस्था नफेखोरी करत नाही हेही बहुतेक खरे. ती वीस वर्षे काहीच करत नाही आणि एका सकाळी सगळेच करते.

हे गाळे आले कुठून, हेही पाहायला हवे. पुष्कळ लहान शहरांत ते १९७९-८० साली सुरू झालेल्या केंद्राच्या लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकास योजनेतून आले. कर्ज आणि अनुदान घ्यायचे, व्यापारी संकुल बांधायचे, भाड्यातून कर्ज फेडायचे. २००५ च्या अखेरीस ही योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली. काही ठिकाणी बांधकामाआधीच व्यापाऱ्यांकडून अनामत घेतली गेली आणि त्या पैशावर भिंती उभ्या राहिल्या. त्यामुळे आजही गाळेधारकाचा मुद्दा ठरलेला असतो. "आमच्या पैशावर गाळा बांधलात आणि आम्हालाच बाजारभाव सांगता?" हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जमीन मात्र तेव्हाही गावाची होती, आणि अनामत म्हणजे किंमत नव्हे.

नगरपरिषदेची बाजूही नीट ऐकली पाहिजे. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात गेली. रोज सकाळी नाक्यावर जमा होणारा, स्वतःचा म्हणावा असा पैसा बंद झाला आणि त्याच्या जागी शासनाचे अनुदान आले. हाती उरले घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. घरपट्टी वाढवली की सगळे गाव अंगावर येते, गाळ्यांचे भाडे वाढवले की फक्त गाळेधारक येतात. पण गाळेधारक संख्येने थोडे असले तरी चौकात बसतात, आणि निवडणुकीत चौक महत्त्वाचा असतो. म्हणून सभेच्या विषयपत्रिकेवर 'गाळेभाडे फेरआकारणी' हा विषय येतो, चर्चा होते आणि 'पुढील सभेत ठेवावा' असे ठरते. पुढची सभा, मग त्यापुढची.

लेखापरीक्षक दरवर्षी आक्षेप नोंदवतो. 'मुदत संपूनही नूतनीकरण नाही, बाजारदराने भाडे आकारले नाही, नुकसान वसुलीस पात्र.' मुख्याधिकारी खुलासा देतात. ते बदलून जातात, नवे येतात, जुना आक्षेप नव्यांच्या टेबलावर येतो. मग कधीतरी प्रशासक येतो. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, निवडणुका लांबल्या, आणि धाराशिवसह राज्यातल्या अनेक नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. प्रशासकाला चौकात मते मागायची नसतात. जो ठराव सभेत कधी झाला नसता तो त्याच्या एका सहीने होतो. अशा वेळी नोटिसा निघाल्या की लोक म्हणतात, लोकप्रतिनिधी नव्हते म्हणून अन्याय झाला. मला उलटे वाटते. लोकप्रतिनिधी होते तेव्हा विषय टाळला गेला, म्हणून तो इतका मोठा होऊन आला.

थोडे गणित करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. १९९५ साली एका गाळ्याचे भाडे महिना १०० रुपये ठरले असे धरू. खाजगी मालकासारखी दरवर्षी ४ टक्के वाढ केली असती तर तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, ते सुमारे ३२४ रुपये झाले असते. दर तीन वर्षांनी १० टक्के, अशी अट करारात असती आणि ती पाळली असती, तर सुमारे २५९. दोन्ही वाढी गाळेधारकाने कुरकुरत का होईना सोसल्या असत्या. आता समजा एकदाही वाढ झाली नाही आणि अचानक बाजारमूल्यावर भाडे बसवायचे ठरले. गाळा २० चौरस मीटरचा, सरकारी मूल्यांकनाचा, म्हणजे रेडी रेकनरचा, दर चौरस मीटरला १०,००० रुपये, म्हणजे किंमत २ लाख. ८ टक्क्यांनी वर्षाचे १६,०००, महिन्याचे १,३३३ रुपये. शंभराचे एका रात्रीत तेराशे. वरून १८ टक्के जीएसटी धरला तर १,५७३.

जीएसटीची एक खोच सांगतो. नगरपरिषदेची व्यापारी जागा नोंदणीकृत व्यापाऱ्याने भाड्याने घेतली असेल तर २०१८ पासून तो कर व्यापारी स्वतःच भरतो आणि आपल्या विक्रीवरच्या करातून वळताही करून घेऊ शकतो. ज्या मिस्त्रीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे नगरपरिषदेने भाड्यात लावलेला १८ टक्के कर त्याच्या खिशातून जातो तो जातोच. कर सगळ्यांना सारखा, भार मात्र लहानावर जास्त.

वरच्या गणितात ८ टक्के मी उगाच घेतले नाहीत. ते जळगावच्या गोष्टीतून आले आहेत, आणि गाळेभाड्याचा प्रश्न किती चिघळू शकतो याचा राज्यातला धडा जळगावच आहे.

जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. व्यापारी जागेवरच राहिले. महापालिका कर्जात रुतलेली, तिने बाजारभावाने भाडे आणि वर पाचपट दंड अशी बिले पाठवली. व्यापाऱ्यांनी बिले नाकारली, मोर्चे निघाले, बाजार बंद राहिले, प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. मुदत संपलेले गाळे ताब्यात घ्या, लिलाव करा. तरी गाळे रिकामे झाले नाहीत. २०१९ मध्ये राज्याने महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती करून नूतनीकरणाचा रस्ता काढला, आणि त्याच वर्षीच्या नियमांत भाडे चालू बाजारमूल्याच्या किमान ८ टक्के ठेवले. मग एकट्या जळगावचेच काय, राज्यभरच्या महापालिकांचे गाळेधारक उठले. अखेर २०२३ मध्ये नियम बदलले. व्यापारी वापरासाठी किमान दर ०.७ टक्के, निवासी व शैक्षणिक वगैरेंसाठी ०.५.

आपल्या समजुतीच्या गाळ्याला हे लावून पाहा. ८ टक्क्यांनी महिना १,३३३. ०.७ टक्क्यांनी महिना सुमारे ११७. गाळा तोच, पत्रा तोच, रेडी रेकनर तोच. चार वर्षांत किमान दर अकरा पटींहून अधिक खाली आला. यातला कुठला आकडा 'शास्त्रीय' होता? माझे मत विचाराल तर एकही नव्हता. पहिला आकडा तिजोरीच्या भुकेने ठरवला, दुसरा चौकातल्या गर्दीने.

हे नियम महानगरपालिकांचे. धाराशिव जिल्ह्यात महानगरपालिका नाही, इथे १९६५ चा कायदा आणि त्याखालचे मालमत्ता हस्तांतरणाचे १९८३ चे नियम. त्यांत भाडे ठरवायला तीन सदस्यांची समिती बसते आणि नगररचना खात्याचे मूल्यांकन तिच्या कामाचा आधार असते. ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. पण जळगावची बातमी उमरग्याच्या चहाच्या टपरीवर वाचली जातेच. तिथला गाळेधारक शिकतो की नोटीस आली तर घाबरायचे नाही, थांबायचे, सरकार वाकते. भाडे नियमित भरणारा मूर्ख ठरतो, हे या प्रकरणातले सर्वांत वाईट नुकसान. त्याची भरपाई कुठल्याच नियमाने होणार नाही.

मूल्यांकनाचीही एक अडचण आहे, ती गॅरेजलाच विशेष भोवते. रेडी रेकनरचा दर त्या भागातल्या खरेदी-विक्रीवर बेततात. पण गॅरेजच्या जागेची कमाई रस्त्यावरच्या गाड्यांवर असते. सोलापूर–येडशी रस्ता चौपदरी झाला, गाड्या वेगाने सुटू लागल्या. बाह्यवळण निघाले की गावातल्या जुन्या रस्त्यावरच्या मालट्रका नाहीशा होतात आणि त्यांच्याबरोबर कमानपाट्यांचे काम जाते. जमिनीचा दर मात्र खाली येत नाही, उलट गाव वाढले म्हणून वर जातो. ज्या वर्षी मिस्त्रीचा धंदा निम्मा होतो नेमक्या त्याच वर्षी कागदावर त्याची जागा महाग होते. दुसऱ्या टोकाला, बाह्यवळणावर ओसाड माळाच्या दराने घेतलेली जागा असते आणि तिथे रात्रंदिवस रांग. समितीने फायलीतला दर पाहण्याआधी एकदा जागेवर जाऊन अर्धा तास उभे राहावे. मोजायला फार काही लागत नाही, थांबणाऱ्या गाड्या मोजायच्या.

आणि तिथे उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट विचारावी, जी कुठल्याच मूल्यांकन अहवालात नसते. इथे पाना कुणाच्या हातात आहे?

करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते. प्रत्यक्षात गाळे पोटभाड्याने जातात, पगडी घेऊन फिरतात, वडिलांकडून मुलाकडे आणि मुलाकडून भलत्याकडेच जातात. नगरपरिषदेच्या दप्तरात नाव पहिल्याचेच राहते. मग कमी भाड्याचा लाभ कुणाला झाला? मिस्त्रीला नाही, तो बाजारभावच देत होता, फक्त दुसऱ्याला. गावालाही नाही. वीस-वीस वर्षे भाडे न वाढवण्याचे समर्थन 'गरीब कारागिराचा विचार' म्हणून केले जाते, तेव्हा तो कारागीर करारनाम्यात आहे का, हे कुणी तपासलेले नसते. तसेच वाढीव भाड्याची नोटीस मूळ गाळेधारकाला गेली की तो ती जशीच्या तशी मिस्त्रीकडे ढकलतो. सील लागले तर गाडीचे इंजिन आत अडकते ते मिस्त्रीचे, गिऱ्हाईक ओरडते ते मिस्त्रीवर. फायदा एकाचा, जोखीम दुसऱ्याची.

म्हणून भाड्याचा दर हा फेरआढाव्यातला दुसरा प्रश्न आहे, पहिला नाही. आधी गाळ्यात कोण बसले आहे याची घरोघरी मोजणी व्हावी तशी गाळोगाळी नोंद व्हावी, पंचनाम्यासह. जो प्रत्यक्ष काम करतो आणि त्या जागेवर काही वर्षे आहे, त्याला कायद्याच्या चौकटीत थेट करारावर आणायचा मार्ग शासनाने काढावा. गाळा लिलावानेच देण्याची अट आडवी येते हे मान्य, पण जळगावसाठी महानगरपालिकांचा कायदा बदलता आला तर नगरपरिषदांचाही बदलता येईल. मग दर ठरवा, हवा तर चढाच ठरवा. आणि पुढे इंग्लंडमधल्यासारखे दरवर्षी, न चुकता, कंटाळा येईल इतके थोडे वाढवत राहा. त्यावर मोर्चा निघणार नाही, बातमीही होणार नाही.

माझ्या मोटारसायकलची क्लचप्लेट बसली. मिस्त्रीने हत्यारे पुन्हा त्या नोटिशीवर रचली. मी पैसे विचारले, त्याने सांगितले त्यात घासाघीस केली नाही. त्याच्या दरात कुणाकुणाचे भाडे मिसळलेले होते हे तोवर मला कळले होते.

तुमच्या गावात नगरपरिषद असेल तर तिच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा एक अर्ज करून पाहा. प्रत्येक गाळ्याचा आणि भाड्याने दिलेल्या खुल्या जागेचा क्रमांक, करारातले नाव, कराराची मुदत संपल्याची तारीख, सध्याचे मासिक भाडे आणि शेवटची भाडेवाढ कोणत्या वर्षी झाली, एवढेच मागा. मग ती यादी हातात घेऊन संध्याकाळी चौकातून एक फेरी मारा आणि प्रत्येक गाळ्यातल्या माणसाला त्याचे नाव विचारा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये.